उतरलं

वहीला तीन रंगांची पानं असतात.
पांढरं उईकेंच्या खिशात जातं,
पिवळं फायलीत,
गुलाबी इथंच राहतं, माझ्या टेबलावर.
कार्बन जुना झाला की गुलाबीवर अक्षरं
धुक्यातल्या तुरीसारखी दिसतात,
म्हणून मी पेन दाबून लिहिते.

आज लिहिलं :
फीडर धामणखेड. डीपी बावीस.
काम – मेलेलं वानर काढणे, जळालेला जंपर बांधणे.
माणसं – दोन.
वेळ – सोळा चाळीस.
छापील यादीत वानराला जागा नाही.
ते ‘इतर’मध्ये बसवलं.

ब्रेकर उघडला, ट्रॉली बाहेर ओढली, कुलूप घातलं.
किल्ली गळ्यात, काळ्या पोतीशेजारी.
हँडलला पाटी अडकवली : माणसं कामावर आहेत.
तिचा एक कोपरा मागच्या होळीपासून वाकलाय.
उईकेंनी फोनवर विचारलं, पक्कं?
पक्कं. तरी दांडा लावून पाहा.
‘तुमच्यावर भरवसा हाय जी, तारेवर नाई,’
म्हणाले, आणि दोन्हीकडून अर्थिंग टाकली.
पोल्ट्रीवाल्याचं जनरेटर उलटं भरतं,
हे त्यांना मागच्या वर्षी तळहातानं कळलं होतं.

सहाला फोन सुरू झाले.
गव्हाचं दुसरं पाणी, बारी आजचीच.
चक्कीवर ज्वारी अर्धी दळलेली.
एका पोराचा मोबाइल चार टक्क्यांवर.
सरपंचांनी फोन केला नाही,
त्यांच्या ड्रायव्हरनं केला, सरपंचांचा आवाज काढून.
कागद परत आला की लाइन येईल, मी म्हटलं.
‘कागदानं मोटर चालते काय, मॅडम?’
नाही चालत.
थांबते.

सात दहाला धामणखेडातून एक नंबर,
मागं डफडं, कोणीतरी गुलाल मागत होतं :
‘उतरलं मॅडम, उतरलं! टाका लाइन!’

खोटं कशाला बोलू,
माझा हात पाटीच्या वाकल्या कोपऱ्यापर्यंत गेला.

उतरलं.
उतरला नाही. उतरले नाही.
ते पोर, ते वानर, ते मढं.

कोण उतरलं?

‘वानर जी! तिरडी बांधली, बायांनी कुंकू लावलं,
मारुतीच्या मांगं माती देतो.’

आन् उईके?

डफडं थांबलं.
मग दुसराच आवाज, बारीक :
‘उईके वरतंच हायेत. जंपर बांधून राहिले.
बॅटरी आमच्याजवळ हाय. मिरवणुकीले लागली ना.’
आणि खुशाल?
‘खुशाल बी इथंच हाय. खांदा द्याले आला.’

वहीत दोन माणसं लिहिली होती मी.
एकाच्या खांद्यावर वानर,
एक डीपीवर, अंधारात, पट्ट्याला लटकून,
गावानं आपल्यासाठी लाइन मागितली
हे त्याच्या कानावरही नाही.

उईकेंना फोन लावला नाही.
खांबावरच्या माणसाच्या खिशात काही वाजू नये.
खुशालला म्हटलं, देवाला खाली ठेव, बॅटरी घेऊन पळ.
खुर्ची ब्रेकरसमोर ओढली आणि बसले.
नंतरचे अकरा फोन मी उचलले नाहीत.

आठ पंचवीसला मोटरसायकल.
बाहीला जळक्या केसांचा वास,
पांढरा कागद चार घड्यांचा, घामानं मऊ.
काम पूर्ण. माणसं परत – दोन.
अर्थिंगा?
‘डिक्कीत हायेत, मोजा.’
मोजल्या.
त्यांनी वेळ टाकली, पूर्ण नावानं सही केली,
बळीराम सोनबाजी उईके,
शाळेत शिकवलं तसं, वेलांट्या मोठ्या.

पाटी काढली. ट्रॉली आत. ब्रेकर.
मीटरचा काटा हलला, गहू प्यायला लागला.
फोन एकदम गप्प झाले.
लाइन आल्यावर कोणी फोन करत नाही.

उईके दारातून वळून म्हणाले,
‘वानराची तेरवी हाय म्हणे, बुंदी करतेत.
तुमाले बी बोलावलं.’
मग जरा थांबून,
‘त्या दिवशी परमिट नका देऊ कोणाले.’