लांबचा रस्ता

निवडणूक लागली की ठाण्यातून सांगावा येतो :
बंदूक जमा करा.
आप्पा आदल्या रात्री सोप्यात घोंगडं अंथरतो
आणि तेलाची बाटली उघडायच्याही आधी
कळ सरकवून बंदूक मोडतो, बुडाशी बघतो.
रिकामी.
मिटवतो. पुन्हा मोडतो. रिकामी.
मग मला म्हणतो, "तू बघ गे,
मोतीबिंदू माझ्या डोळ्यात आहे, तुझ्या नाही."

मी बघते.
नळीपलीकडे दिव्याचा एवढासा गोल,
आडाच्या तळातून वर बघावं तसा.
"तोंड कुठं?" "भिंतीकडं."
"बोट?" "बाहेर."
सहावीत होते तेव्हापासूनची ही उजळणी.
एकोणीसचा पाढा विसरले, ही नाही.

गजाला आईच्या इरकलीची चिंधी.
पहिली काळी येते, दुसरी करडी,
चौथी गेली तशीच परत.
मग शिवणयंत्राचं तेल, तेही थेंबभर.
"जास्त पाजलीस तर लाकूड कुजतंय."
वीस वर्षांत हिनं काही मारलेलं नाही.
रताळ्यांत डुकरं शिरली की आभाळात एक बार,
आणि सकाळी आभाळ होतं तिथंच.

पहाटे गाडीत सामान भरलं :
दस्ता, नळी, पुढचं लाकूड, तिन्ही सुटी,
जुन्या जमखान्याच्या खोळीत, मागच्या डिकीत, कुलपाआड.
काडतुसं पुढं, कुंद्याच्या डब्यात, आप्पाच्या मांडीवर.
लायसन्स बंडीच्या आतल्या खिशात,
प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, छातीला चिकटून.

फाट्यावर मी सवयीनं डावं चाक वळवलं.
जवळचा रस्ता तिकडूनच, मधले सात किलोमीटर महाराष्ट्रातले.
"थांब," आप्पा म्हणाला.
"उजवीकडनं घे."

मी त्याच्याकडं बघितलं.
दर एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधणारा,
त्या सात किलोमीटरसाठी तरुणपणी
पाठीवर लाठीचे वळ घेऊन घरी आलेला माणूस.

"लायसन्सवर काय लिवलंय?
कर्नाटक राज्यापुरतं.
तिकडं गेलं की ही बंदूक न्हवं, गुन्हा."
आप्पाला कन्नड वाचता येत नाही.
ही एकच ओळ येते.

मग खड्ड्यांतून पाऊण तास जास्त.
बेळगुंदीला चहाची तल्लफ आली,
तो उतरला, मी गाडीतच.
माझा कप त्यानं काचेतून आत दिला,
आणि मी संपवेपर्यंत दाराशी उभा राहिला,
बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहावं तसा.

ठाण्यात मुन्शी इराण्णानं वही उघडली.
"खाली ऐती?"
"हौद्री," आप्पा म्हणाला.
इतक्या मऊ आवाजात कन्नड
मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.
नळी दाखवली. नंबर जुळला.
काडतुसं मोजली : अकरा भरलेली, एक पुंगळी.
"ही?"
"डुकरांना. वर. आभाळाला."
इराण्णा हसला, पुंगळीही लिहून घेतली.
पावतीवर शिक्का नीट उठला नाही,
आप्पानं दुसऱ्यांदा मारून घेतला.

परतताना फाट्याला न विचारता मी जवळचा रस्ता धरला.
हद्द म्हणजे काय, डांबराचा रंग बदलतो,
आणि पाट्यांवरची अक्षरं आप्पाला वाचता येऊ लागतात.
तो एकेक मोठ्यानं वाचत गेला.
किराणा. खत-बियाणं. पंक्चर काढून मिळेल.

पहिल्याच टपरीला म्हणाला, "लाव बाजूला."
दोघंही उतरलो. दारं सताड उघडी, किल्ली गाडीतच.
वडा गरम होता. कुणाला कसली घाई नव्हती.
तरी आप्पा दर घोटाला
मान वळवून डिकीकडं बघत होता.