डावा पीळ

मुंजाजी फोनवर एवढंच बोलला,
"वास यायलाय, जळका. धूर न्हाई."

येलदरीच्या पाण्यावर सकाळी सात.
मच्छी सोसायटीची नाव काठाला लावलेली,
मागं चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन
पाण्याबाहेर तोंड काढून,
औषध नको म्हणणाऱ्या म्हाताऱ्यासारखं.

जिलानीचाचांनी चपला काठावर काढल्या.
मी मीटर आणि पान्यांचा डबा घेऊन मागं.
जिंतूरच्या दुकानात आम्ही विहिरीतल्या मोटारी भरतो,
पाण्याखाली राहणाऱ्या.
पाण्यावर चालणारी वर्षाकाठी ही एकच.

झाकण काढलं.
चक्राखालून दोन पिवळ्या तारा,
त्या रेक्टिफायरला, तिथून एक लाल
बॅटरीकडं. एवढाच संसार.
लाल तारेचं कातडं
जास्त भाजल्या भाकरीच्या पापुद्र्यागत सुटलेलं,
मधल्या जोडावरची टेप वितळून
माझ्या बोटाला चिकटली.

"तार बदला की," मुंजाजी म्हणाला,
"जाळी टाकलेली हायती, मासं सडायलं तिकडं."
"नवी पण जळंल," चाचा म्हणाले.
"कामून तापली ते बघू दे."

कॉइल तपासली, बरी होती.
डायोड एका अंगानं वाट देत होते,
उलट अंगानं नाही, तेही बरे.
मग बॅटरी सुटी करून मीटर लावला.
साडेदहा.
टोकं घासून पुन्हा लावला.
साडेदहाच.
पाहिजे होते साडेबारा.

सहा बुचं उघडली.
काचनळीतला तरंगता काटा
पहिल्या घरात उभा राहिला,
दुसऱ्यात, तिसऱ्यात,
चौथ्यात तळाला जाऊन बसला.
पाचव्या-सहाव्यात पुन्हा उभा.

म्हणजे रात्र-रात्र इंजिन
भरत होतं, भरत होतं,
आणि बॅटरी काही भरायला तयार नव्हती.
रेग्युलेटरला कोण सांगणार
की आतलं एक घर मेलंय?
तो सोडत राहिला, तार वाहत राहिली.

"म्हंजी बॅटरीवाल्यानं गंडवलं!"
मुंजाजीनं शिवी अर्ध्यात गिळली, माझ्याकडं बघून.

चाचा जोडाजवळ वाकले.
"अख्खी तार तापली, पण कोळसा इथंच झालाय.
सोल बेटा."

मी टेप सोलली.
आत थिंबल नव्हती, डाग नव्हता,
नुसती तांब्यावर तांब्याची गाठ, काळी पडलेली,
आणि पीळ डावीकडं गेलेला.

जिंतूर तालुक्यात डाव्या हातानं तार पिळणारं
मी एकटीच आहे.

गेल्या दिवाळीआधी चाचा तापानं पडले होते,
मी एकटी एसटीनं आले होते,
थिंबल संपलेल्या, परतीची गाडी चारची,
आणि इंजिन चालू झालं तेव्हा
मुंजाजीनं सगळ्यांना हाक मारून दाखवलं होतं,
पोरीनं केलं म्हणून.

चाचांनी पीळ पाहिला. मग चष्मा पुसत बसले.

"हा जोड माझा हाय," मी म्हणाले.
"कोणता?" मुंजाजीला कळलंच नाही.
"वरीसभर चालली की नाव. मग?"
चाचांनी उत्तर दिलं नाही.
दाबपक्कड माझ्या डाव्या हातात ठेवली.

काळा तुकडा कापला. नवी लाल तार, जाड.
थिंबल दाबली, ओढून पाहिली,
पुन्हा ओढली, आता मुंजाजी हसायला लागला.
भाच्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावली तात्पुरती,
इंजिनाला वेग दिला. मीटर चौदावर थांबला.
मी तारेवर तळहात ठेवून शंभर मोजले.
कोमट.
आणखी शंभर.
कोमटच.

पावतीवर थिंबल लिहिल्या, तार लिहिली.
मजुरीच्या ओळीवर पेन थांबलं.
चाचांनी ते घेतलं, आडवी रेघ मारली, परत दिलं.

तरी मुंजाजीनं मरळ बांधून दिलीच ओल्या गोणपाटात.
एसटीत काळा तुकडा माझ्या खिशात टोचत होता.
पायाशी पिशवी. जिंतूर आलं
तरी ती मरळ हलायलीच होती.