टंच

थोरला दवाखाना. रात्रीचे दोन वाजून दहा.
हुपरी रस्त्यावर उसाची ट्रॉली, मागं दिवा नाही,
आणि भूपालची मोटारसायकल.
कागदावर एवढंच आहे.

मनगटाला नाडी लागत नाही.
रूथ सिस्टर कातरीनं शर्ट उभा कापतात,
खिशातली पुडी फुटते
आणि घुंगरं सुटतात फरशीभर,
कपाटाखाली, ऑक्सिजनच्या नळकांड्यामागं.
कुणी खाली बघत नाही.

मी छातीच्या हाडाखाली प्रोब टेकवते.
जेल गार आहे. तो दचकत नाही.
पडद्यावर आधी नुसती राख,
मग राखेत काहीतरी

हलतंय.
मी मोठ्यानं म्हणते, हलतंय,
आणि खोलीतल्या माणसांना हात फुटतात.

हलत नसतं तर पुढं काय, ते पुस्तकात आहे,
टक्केवारीसकट.
त्या पानावर माझ्या चहाचा डाग.

पण हलणं म्हणजे भरलेलं असणं नव्हे.
डावा कप्पा रिकामा. भिंती एकमेकींवर आपटतात,
बिनआवाजाची टाळी.
खालची मोठी शीर चपटी,
मोटर बंद केल्यावर पडून राहतो तसा पाइप.
रक्त पोटात कुठंतरी गेलंय. सर्जन जिन्यात आहेत.

दाराशी सुकुमारअण्णा, चुलते.
बोटांच्या पेरांत झाळकामाची काजळी.
"बाई, चांदीचा टंच काढत्यात तसंच हाय न्हवं हे?
मग सांगा की, किती उतरला?"

मी म्हणाले, अजून भट्टीत आहे, अण्णा.
म्हणायला नको होतं.
त्या दाराशी तो शब्द नको होता.
ते नुसते मान हलवत राहिले,
टंच काढायला जरा धातू खरवडावाच लागतो,
हे मला शिकवल्यासारखे.

तिसऱ्या पिशवीनंतर पुन्हा टेकवलं.
शीर थोडी गोल.
कप्प्यात काळं साचतंय.
पडद्यावर रक्त काळं दिसतं,
आणि आज काळं दिसणं बरं,
हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?
नाडी बोटाला लागली, सुटली, लागली.

त्याला वर नेलं. लिफ्टचं दार दोनदा अडकलं.
मी प्रोब पुसला, आकडे लिहिले,
शेवटचा रकाना कोरा ठेवला.

अण्णा गुडघ्यावर बसून घुंगरं वेचत होते.
"वजन करून दिलेला माल हाय," म्हणाले,
"कमी भरला तर
भूपालला पदरचं घालावं लागंल."

स्ट्रेचरच्या चाकामागं दोन होती.
ती मी काढून दिली.