काकी

पहाटे पाच-दहाला मिनीबस.
मुरोईसान छापील कागदावर बोट ठेवून सांगतात:
सहा चाळीसला ऊन कौलांवर,
सहा बावन्नला ओसरीत,
सातनंतर नुसताच उजेड.
मग भाजक्या सातूचा चहा, एकेकाला झाकणभर,
आणि खिशात हात शेकायला गरम पुड्या.
नियम एकच: आधी वाकायचं, मग कॅमेरा.

आज काय टिपायचं, विचारलं
तर म्हणाले, काकी.
मी एकटाच हसलो.
गाडीत दोघे बेल्जियमचे, एक तैवानची दंतवैद्य,
साओ पावलोचं एक भांडकुदळ जोडपं;
कुणाला सांगणार
की आमच्याकडे काकी झाडाला लागत नाही,
ती लग्नाच्या फोटोत कडेला उभी असते
आणि अल्बममध्ये बसवताना अर्धी कापली जाते.

गाव धुक्यात. ओसरीला आढ्यापासून खालपर्यंत
सोललेली फळं दोऱ्यांना टांगलेली.
कंदिलांसारखी, असं म्हणणार होतो,
पण जवळून त्यांच्यावर बोटांचे ठसे दिसले.
दर आठवड्याला एकेक फळ चेपायचं असतं,
बाळाची टाळू भरावी तितक्या हलक्या हातानं.
तेव्हा कुठे आतली साखर वर येते,
दहिवरासारखी पांढरी.

ब्याऐंशीच्या फुमिएबाई बाहेर आल्या
आणि ऊन जिथे पडणार होतं
तिथे आधीच जाऊन उभ्या राहिल्या.

मी बत्तीस वर्षं भूमापनात काढली.
चौकटीत माणूस आला की तो जाईपर्यंत थांबायचं,
ही सवय मी मिरवत आलोय.
माझे पूल, माझी देवळं, माझं बांबूचं बन,
सगळं निर्मनुष्य.
परवा एका पायरीवर पानं झाडणारा म्हातारा हलेना.
अकरा मिनिटं उभा राहिलो,
मग खोलीवर येऊन त्याला पुसून टाकला.

क्लिक थांबले तसं फुमिएबाई काही बोलल्या.
मुरोईसाननी लगेच भाषांतर केलं नाही.
चष्मा काढला, पुसला, घातला.

"त्या प्रत्येक गटाला विचारतात.
सहा वर्षांपूर्वी, याच महिन्यात,
तुमच्या ओळखीचं कुणी आलं होतं का इथे?
कान्जी, त्यांचे यजमान, फोटोला उभे राहत नसत.
लेन्स दिसली की शिडीमागे.
त्या सकाळी एक दोरा तुटला,
फळं अंगणभर गडगडली,
ते वेचायला वाकले, आणि तेव्हा
बरेच कॅमेरे चालू होते.
कडेला असतील. पाठमोरे असतील.
हललेले असले तरी चालतील."

जोडपं पहिल्यांदाच गप्प.
दंतवैद्य बाईंनी पत्ता लिहून घेतला,
तो लिहून घेऊन काय करणार होत्या, देव जाणे.
फुमिएबाईंनी आम्हा प्रत्येकाला
एक फळ दिलं, एक आखूड सुरी दिली.
त्यांच्या फळाची साल
एका दमात, एका लांब वेटोळ्यात उतरली.
माझी तीनदा तुटली.
सात वाजून गेले होते. कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

रात्री मी पायरीवरच्या म्हाताऱ्याला शोधलं.
मूळ फाइल उडवलेली.
राहिलेल्या फोटोत, तो होता तिथे,
दगडाला दगड इतके बेमालूम जुळलेत
की मलाच कौतुक वाटलं
आणि मग झोप लागेना.

परतताना विमानतळावर बॅग उघडायला लावली.
लेन्सच्या खणातून सालीचा एक तुकडा निघाला,
वाळून कानासारखा वळलेला.
हातमोजे घातलेल्या पोरानं तो उजेडात धरला
आणि भुवया उंचावल्या.
म्हटलं, काकी.
हसला नाही. मान किंचित लववली
आणि होता तिथे परत ठेवला.