तिरकं ऊन

हुलगप्पा भिंतीला आधी हात लावत नाही.
तांब्याभर पाणी फेकतो
आणि वीट ते किती वेळात पिते, बघत उभा राहतो.
"तहानलेली ठेवली तर गिलाव्यातलंच ओढून घेईल," म्हणतो,
"मग तडे."

धायरीतल्या आमच्या रो-हाऊसची पश्चिमेची भिंत:
समोर मोकळा प्लॉट, लांब सिंहगडावरचा टॉवर,
मध्ये आडोसा कशाचाच नाही.

निंगव्वा खाली वाळू चाळते,
क्रशचीच; नदीची आता मिळते कुठे.
घमेलं भरून वर, रिकामं खाली,
थापीचा सपकन आवाज,
पट्टी खालून वर, हलवत हलवत,
रंधा गोल गोल,
मग स्पंज. आणि स्पंज कधी फिरवायचा
हे घड्याळ सांगत नाही,
अंगठा सांगतो.

मी बत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली.
गुळगुळीत म्हणजे काय, मला ठाऊक आहे:
तिघांनी वाचून, फॉर्म छापून झाल्यावर
पहिल्याच प्रतीत, पहिल्याच ओळीत
चुकीची वेलांटी.

म्हणून रात्री बल्ब धरला, भिंतीलगत, तिरका.
दुपारची तुळतुळीत भिंत
न झटकता वाळत घातलेल्या चादरीसारखी.
आणि मधोमध, आडवी, एक रेघ.
सांधा.

सकाळी दाखवला.
"काल सव्वाअकराला फोन आला," हुलगप्पा म्हणाला.
आठवलं. परांचीवरून उतरून
टाकीमागे उभा होता, कानडीत बोलत.
बोलत कसला, ऐकत.
वर गेला तोवर फळीवरचा माल आवळला होता.
"टवके मारून काढतो, पुन्हा करतो.
मजुरी नको."
खाली चाळण थांबली.

माझ्या हातात सवयीची पेन्सिल.
रेघेखाली टिंबं दिली, पाच-सहा.
खोडलेलं आहे तसं राहू द्यायचं असलं
की आम्ही अशी देत असू.
हुलगप्पाला कळलं की नाही, कोण जाणे.
त्याने घमेलं मागितलं.

आता टँकर येऊन गेला की
पाइप घेऊन उभा राहतो.
सात दिवस मारा म्हणालाय, दहा मारले तर बरं.
ओली भिंत गडद होते, रेघ जाते.
पावणेसहाला ऊन टॉवरकडून आडवं येतं,
दहा-बारा मिनिटं,
आणि ती असते.

टिंबं तिसऱ्या दिवशीच धुऊन गेली.
कुणाचा फोन होता,
मी विचारलं नाही.