विषय क्रमांक चार

ऐरोलीच्या शाळेत दुसऱ्या मजल्यावर
ट्रस्टची सभा चालू आहे,
आणि मी बाहेर, त्या बुटक्या बाकावर,
जिथे शनिवारी कान तपासायला आलेली पोरं
पाय हलवत बसतात.

विषय क्रमांक चार : बेचाळीस श्रवणयंत्रं.
कोटेशनं तीन. त्यातलं एक वाशीहून,
सेक्टर सतरामधल्या माझ्या मामेभावाचं.
मी सांगून टाकलं, भाऊ आहे,
शिवाय ठाण्याच्या माझ्या क्लिनिकातली यंत्रं
त्याच्याकडूनच येतात, दर नगामागे मला थोडं सुटतं.
गव्हाणकर सर चष्मा पुसत म्हणाले,
"अहो हर्षदाताई, तुमच्यावर कोण संशय घेतंय?"
कुणीच नाही.
कुणी घेतला असता
तर उठायला उशीर झाला असता.

दार प्लायवुडचं.
असल्या दारात वीसेक डेसिबल अडतात,
उरलेलं आरपार येतं.
हे मला माहीत असणं हेच माझं शिक्षण.
खुर्ची सरकते. मुमताज मॅडम हसतात.
"वॉरंटी" असा एक सुटा शब्द.
मी उठते, जिन्याच्या टोकाशी जाऊन बसते.

मढवीमामा चहा आणतात.
"बाहेर काढलं काय तुम्हाला?"
"नाही, मीच आले."
"बरं केलंत. वाढपी घरचा असला की..."
पुढचं न बोलता ते कपबश्या घेऊन आत जातात.

भावाचं कोटेशन सगळ्यांत स्वस्त आहे.
यंत्रंही चांगली, दोनशे कानांत
मी स्वतः बसवलीत.
आत कदाचित दुसरंच ठरेल,
महाग, घामानं बंद पडणारं,
आणि पावसाळ्यानंतर दुरुस्तीला
येईल माझ्याच टेबलावर.
जिभेवर एक वाक्य आहे.
त्यात माझं ज्ञान किती आणि माझा भाऊ किती
हे निवडून पाहते, तांदळातल्या खड्यासारखं.
निवडता येत नाही.
चहाबरोबर गिळते.

दोन वर्षांपूर्वी याच बाकावर
अकरा पालकांना मी नौपाड्याचं कार्ड दिलं होतं,
सहज, काळजीपोटी.
तपासणी इथे मोफत, पुढचं तिथे.
फी वाजवी होती. पावती होती.
दिघ्याहून येणारी एक आई,
चार घरची भांडी घासणारी,
हप्ते पाडून मागताना म्हणाली,
"इथं तुम्ही ताई असता. तिथं मॅडम."
तक्रार नव्हती ती.
नुसतं बघितलेलं सांगत होती.
मला ऐकू यायला दीड वर्ष लागलं.

सुफियान डबा धुऊन वर येतो, थबकतो.
स्वतःचे दोन्ही कान धरून दाखवतो :
शिक्षा?
मी मान हलवते. मग काय?
हितसंबंध या शब्दाची खूण मला येत नाही.
तर्जनीत तर्जनी अडकवते : नातं.
अंगठा बोटांवर घासते : पैसे.
मग तळहात ओठांवर ठेवते.
तो बराच वेळ माझ्या हातांकडे बघतो.
मग बॅट फिरवतो,
कमरेइतक्या उंचीवर हात धरतो, धाकटा भाऊ,
अंपायरचं बोट वर करतो,
आणि तेच बोट माझ्यासमोर नकारार्थी हलवतो.
इतकं साधं कसं कळलं नाही
अशा नजरेनं बघून वर्गात पळतो.

दार उघडतं. आत बोलावतात.
इतिवृत्तात एक ओळ, शाई अजून ओली :
"श्रीमती कारखानीस या विषयापुरत्या
सभागृहात नव्हत्या."
माझ्याविषयी इतकं नेमकं
कुणी कधी लिहिलं नव्हतं.
कुणाचं कोटेशन ठरलं ते विचारत नाही.
खोकी उघडतील त्या शनिवारी कळेल.

विषय क्रमांक पाच : मुलींच्या संडासाची टाकी.
माझे कुणीही नातेवाईक प्लंबर नाहीत.
मी खुर्ची पुढे ओढते.
याच्यावर मला बोलायचंय, भरपूर.