वार

विग्टनजवळच्या गोठ्यात, पहाटे पाचला,
एकशे बेचाळीस नंबर गाभडली.
फॉर्मवर शब्द दुसरा असतो,
हात कोपरापर्यंत आत गेला की मात्र
शिरवळला शिकलेला हाच तोंडात येतो.

पाच महिन्यांचं. मांजराएवढं.
खूर अजून मेणासारखे.

हिवाळ्यातलं हे चौथं.
लेप्टो नाही, बीव्हीडी नाही, साल्मोनेला नाही,
ब्रुसेला तर या देशातून कधीच हद्दपार.
दर 'नाही'ला मिसेस टॅलेंटायर मान हलवत आल्या,
घरातल्या एकेकावरचा आळ उतरावा तशा.

आज खिशात तिसऱ्याचा रिपोर्ट होता. निओस्पोरा.
"म्हणजे कुत्र्यापासून?"
दारात नेल. तेरा वर्षांची, तोंड पिकलेलं.
गोठ्यात पडलेली वार सगळ्यांआधी तिला सापडायची
आणि हॅरल्ड म्हणायचे, बघा,
झाडलोट करते पोरगी.
ते होते तोवर.

मी म्हटलं, आता तिचं काही नाही यात.
आता ते पोटातल्या पोटात जातं, आईकडून लेकीला.
लस नाही. औषध नाही.
या गायींच्या कालवडी ठेवू नका, एवढंच.

त्यांनी वही काढली, सासूच्या हातची.
एकशे बेचाळीसची आई एकोणसाठ,
तिच्या आईला नंबर नव्हता, नाव होतं: प्रिमरोज.
पेन्सिल तिथे थांबली.
"हिला तर मीच बाटलीने चीक पाजलेला."

बाहेर पाऊस नव्हता, नुसतं ओलं होतं.
मी बुटांवर जंतुनाशक ओतलं,
वारेची पिशवी उचलली.
नेल गाडीपर्यंत मागे मागे आली,
शेपूट हलवत, नाक वर करून,
काम निघाल्यासारखी.
मी पिशवी उंच धरली.